हवालदारांचं विरजण

हंबीरराव हवालदारांशी माझी ओळख भांडणातून झाली. मिरजेत दवाखान्यांच्या रस्त्यावर, तंबोऱ्यांच्या एका जुन्या दुकानाला लागून त्यांचं दह्याचं दुकान आहे. दुकान म्हणजे तरी काय, एक फळी, तिच्यावर ओळीने मांडलेली मातीची गाडगी आणि मागे स्टुलावर मिशा पिळत बसलेले हवालदार. बाहेर एक काळा फळा टांगलेला. त्यावर त्या दिवशी खडूने लिहिलं होतं, 'आमच्या दह्याने पोटाचे सर्व विकार बरे होतात.'

मी सांगलीच्या एका कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. 'सर्व' हा शब्द वाचून माझं डोकं फिरलं. स्कूटर बाजूला लावली आणि सरळ फळीपुढे जाऊन उभी राहिले.

"कोण म्हणतं सर्व विकार बरे होतात?"

"आमी म्हंतो."

"तुम्ही डॉक्टर आहात?"

"लंगरचा हवालदार. अठ्ठावीस वर्सं फौजेत सैपाक केलाय. माझ्या हातचं खाऊन एक जवान कवा सिक रिपोर्टला गेला न्हाई."

मग मी भर रस्त्यात वर्ग घेतला. आपल्या आतड्यात अब्जावधी जीवाणू राहतात आणि त्यातले बरेच आपल्या कामाचे असतात. अन्न पचवायला मदत करतात, काही जीवनसत्त्वं तयार करतात, उपद्रवी जंतूंना पाय रोवू देत नाहीत. अँटिबायोटिकचा कोर्स सुरू झाला की औषध चांगलं-वाईट बघत नाही, दोघांनाही मारतं, आणि पेशंटचं पोट बिघडतं. अशा वेळी दह्यातल्या जिवंत जीवाणूंचा काही जणांना फायदा होतो. ज्यांना दूध पचत नाही त्यांनाही दही पचतं. पण प्रत्येक दह्याला प्रोबायोटिक म्हणता येत नाही. त्यासाठी जीवाणू तपासलेला लागतो, पुरेसा लागतो आणि पोटात जाईपर्यंत जिवंत लागतो. शिवाय ज्याची प्रतिकारशक्ती फारच खालावली आहे त्याला असं काही देण्याआधी डॉक्टरला विचारायलाच हवं.

हवालदारांनी सगळं ऐकून घेतलं. मला वाटलं, जिंकले.

"म्हंजे औषदाच्या गोळीबारात आपली पलटन बी मरती," ते म्हणाले, "आन् मग नवी भरती करावी लागती. मॅडम, तुमी वीस मिन्टं घेतली. मी ह्ये दोन वाक्यात सांगतो लोकास्नी."

दुसऱ्या दिवशी फळा बदललेला होता. 'डॉक्टरांना विचारून या. बाकीचं आम्ही बघतो.' ह्या माणसाला नमवता येणार नाही हे मला तेव्हाच कळलं, आणि मी रोज अर्धा किलो दही घ्यायला लागले.

दही होतंच तसं. गाडगं उपडं केलं तरी हलायचं नाही. आंबट म्हणाल तर आंबट नाही, गोड म्हणाल तर गोड नाही. त्याचं श्रेय हवालदार स्वतःकडे कधीच घेत नसत, आणि बाकी जगातल्या प्रत्येक गोष्टीचं श्रेय स्वतःकडे घेणाऱ्या माणसाच्या बाबतीत ही मोठीच गोष्ट होती. "ह्ये आईचं विरजन हाय," एवढंच म्हणायचे.

आई कडेगावची. पोरगा फौजेत निघाला तेव्हा तिने एक स्वच्छ सुती फडकं घट्ट दह्यात बुडवलं, सावलीत वाळवलं आणि त्याच्या ट्रंकेत कपड्यांच्या तळाशी घातलं. "कोमट दुधात टाक, घरचं दही लागंल," एवढं सांगितलं. फडकं पठाणकोटला पोचलं, तिथून लेहला. लेहला थंडीत दही लागेना तेव्हा हवालदार डबा कोटाच्या आत, पोटाशी बांधून झोपत. सकाळी त्यांच्या तुकडीला घरच्यासारखं दही मिळे. तिकडे असतानाच आई गेली. रजा मंजूर होऊन गावी पोचेपर्यंत तेरावाही झाला होता. घरात आईची लुगडी होती, फोटो होता. पण तिच्या हाताने लावलेलं आणि अजून जिवंत असलेलं एकच काही उरलं होतं, आणि ते ह्यांच्या ट्रंकेत होतं. हे त्यांनी मला एकदाच सांगितलं, आणि सांगताना मिशांना हात लावला नाही.

ते विरजण त्यांनी कधी विकलं नाही. दही विकत, विरजण मागेल त्याला फुकट. दवाखान्यात नातेवाइकांची कायम ये-जा. कुणी आठ दिवस, कुणी दोन महिने. पेशंट घरी निघाला की बाया वाटी घेऊन येत आणि हवालदार चमचाभर घालत. कुणाचं नाव लिहून ठेवायचं नाही, परत मागायचं नाही. एकच नियम पाळायचे, आणि तो आपल्याकडे घरोघर आहेच. भांडं रिकामं परत करायचं नाही. कुणाचं गाडगं, कुणाचा डबा दुकानात राहिला तर देताना त्यात दही असायचंच.

गंगव्वाला मी ह्याच दुकानात पाहिलं. जतच्या बाजूची, कर्नाटकाच्या हद्दीला लागून असलेल्या गावातली. नवऱ्याच्या पायाची जखम चिघळून विष अंगात भिनलं होतं. अँटिबायोटिकचे एकावर एक कोर्स झाले आणि त्याच्या पोटात अन्न ठरेना. डॉक्टरांनी पातळ दहीभात चालेल म्हणून सांगितलं. मग ही बाई रोज सकाळी ॲल्युमिनियमची वाटी घेऊन उभी. हवालदार तिला सगळ्यांच्या आधी द्यायचे. दह्याने त्याचं पोट सावरलं. बाकीचं शरीर सावरलं नाही. एके सकाळी ती वाटी परत करायला आली, कारण आदल्या दिवशीची वाटी दुकानाची होती.

"गेलं ते," ती म्हणाली.

हवालदारांनी ती घेऊन धुतली. मग वाटीत दही घालायला लागले.

"आता कुनासाठी न्यायचं, अण्णा?"

"पोरं हायती न्हवं? त्यांच्यासाठी लाव. ऱ्हा, गाडीत सांडंल." असं म्हणून त्यांनी धुवट फडक्याचा तुकडा दह्यात बुडवून पिळला आणि तिच्या हातात दिला. "घरी जाऊन सावलीत वाळव. गडबड उरकली की कोमट दुधात टाक."

मी बाजूलाच उभी होते. प्रेत घेऊन घरी निघालेल्या बाईला हा माणूस विरजण काय देतोय, असं मला तेव्हा वाटलं होतं. स्पष्टच सांगते, रागच आला होता.

आता मुख्य गोष्ट. गेल्या माघात एका सकाळी हवालदारांचं दही लागलं नाही.

वर पाणी, खाली गुठळ्या, एक विचित्र वास. चाळीस लिटर दूध गेलं. लंगरची शिस्त अशी की शिळं काही ठेवायचं नाही. त्यामुळे आदल्या दिवशीचं विरजणाचं गाडगं सगळंच्या सगळं त्या दुधात घातलेलं. फ्रिज त्यांच्याकडे नव्हता. फ्रिजमध्ये ठेवलेलं दही म्हणजे कोल्ड स्टोअरेजमधला बटाटा, असं त्यांचं जाहीर मत होतं.

"थंडी लय पडली," हवालदार म्हणाले. आदल्या दिवशीची न विकलेली, टाकायला काढलेली दोन गाडगी अजून शिल्लक होती. ती दुसऱ्या दिवशीच्या दुधात गेली, वर पोत्यांची ऊब दिली. पुन्हा तेच.

आता उरली घरच्या फडताळातली वाटीभर. रंगूबाई, म्हणजे त्यांच्या पत्नी, ती वाटी हातात घट्ट धरून उभ्या होत्या.

"आवं, आधी अर्ध्या लिटरात लावून बघा. लागलं तर मग सगळ्याला."

"फौजंत अर्ध्या लिटरवर परेड होत न्हाई. दे ती वाटी."

"आवं, ऐका तरी."

"माझ्या आईचं विरजन हाय. हारत न्हाई."

आणि त्यांनी ती वाटी चाळीस लिटरात रिकामी केली. तिसऱ्या सकाळी मी दुकानी गेले तर फळी मोकळी. हवालदार स्टुलावर बसलेले, हातात तीच वाटी. आत बोटाने पुसून घेण्याइतकंही नव्हतं.

"विरजन मेलं न्हाई मॅडम," ते मला म्हणाले. "माझं विरजन मरत न्हाई. दुधात काय तरी हाय. तुमी बघा."

खरं सांगायचं तर मला वाटलं, म्हातारा स्वतःची समजूत घालतोय. पण दुधाची बाटली कॉलेजात नेली. डेअरीत वापरतात तशी औषधांचा अंश दाखवणारी पट्टी आमच्या प्रयोगशाळेत होती. पट्टी लावली, थांबले, आणि माझी मलाच लाज वाटली. दुधात अँटिबायोटिक होतं. हवालदारांचं बरोबर होतं.

दूध आणून देणारा मानसिंग, त्यांच्या बहिणीचा मुलगा. त्याला बोलावलं तेव्हा आधी नाही-नाही झालं, मग रडकुंडीला आला. दोन गाईंना दगडी झाली होती. कास सुजून दगडासारखी होते तो आजार. जनावरांच्या डॉक्टरने इंजेक्शनं दिली आणि सांगितलं की कोर्स संपल्यावरही चार दिवस दूध घालू नको, ओतून टाक. ह्याने दुसऱ्याच दिवसापासून घातलं.

"मामा, एवढं दूध ओतून टाकायचं म्हंजे जिवावर येतंय."

"माझ्या गिऱ्हाइकात सगळी दवाखान्यातली मान्सं हायती रं गड्या," हवालदार म्हणाले. आवाज चढला नव्हता, म्हणूनच मानसिंग मागे सरकला. "त्यांच्या अंगात आधीच औषदं भरल्याती. वरनं तू आनखी घाल. ह्या दुधाचं दही लागलं असतं तर मी ते त्यास्नी खायाला घातलं असतं. माझ्या आईच्या विरजनानं मरून वाचवलं तुला."

मानसिंगने पाय धरले. हवालदारांनी उठवलं, आणि यापुढे पट्टी लावल्याशिवाय दूध घेणार नाही म्हणून बजावलं. तेव्हापासून पट्ट्या मी पुरवते.

दुधाचा प्रश्न सुटला. विरजण मात्र गेलं होतं. मी कपाळाला हात लावला तो वेगळ्याच कारणाने. मागच्या सत्रात हवालदारांच्या दह्यातले जीवाणू मी मुलांना दाखवायला काचेच्या ताटल्यांवर वाढवले होते. सत्र संपलं तेव्हा नियमाप्रमाणे त्या ताटल्या वाफेवर निर्जंतुक करून फेकल्या. माझ्या हाताने.

माझ्या सासूबाई, प्रभावती त्यांचं नाव, आमच्या जैन रिवाजाच्या फार काटेकोर. कालच्या दह्याने आज दही लावायचं नाही, असा त्यांचा नेम, त्यामुळे मी नेलेलं दही घरात दुसऱ्या दिवसापर्यंत उरत नसे. त्या चांदीचा रुपया गरम करून दुधात टाकतात. त्यांना हवालदारांचं दही कधी चाललं नाही, पण हवालदार फार आवडायचे. हकिगत ऐकून त्यांनी रुपया धुऊन पुसून माझ्याकडे दिला. "द्या त्यांना. दही लागतंय ह्यानं. माझं कधी चुकलं नाही."

हवालदारांनी रुपया दोन्ही हातांनी घेतला, कपाळाला लावला आणि परत दिला. "माईंना नमस्कार सांगा. दही लागंल. पर माझं लागनार न्हाई."

बाजारातली पाकिटं, पुड्या, सगळं मी सुचवलं. ते नाही म्हणून मान हलवायचे. मग रंगूबाईंनी तोंड उघडलं.

"एवढ्या वर्सांत किती बायांना दिलंसा? कुनाकडं तरी आसंल. मागा."

"दिल्यालं मागत न्हाईत."

"मग बसा मिशा पिळत."

"अगं, काय म्हनून मागू? त्यांच्या घरी काय झालं, मानूस हाय का गेलं, त्ये बी मला ठावं न्हाई. आन् मी जाऊन म्हनू, माझं दही द्या?"

ह्या माणसाला कधी घाबरलेलं मी पाहिलं नव्हतं. त्या दिवशी पाहिलं. लेहची थंडी पोटाशी घेतलेला माणूस, आणि चमचाभर दही मागायचं म्हणून स्टुलाला चिकटून बसला होता. मला इतकं वाईट वाटलं की मी बोललेच, "हवालदार, देणाऱ्याला मागायला लाज वाटते, तो त्याचा गर्व असतो." मला वाटलं आता हाकलतील. पण ते उठले, फळा खाली काढला, फडक्याने पुसला आणि खडू माझ्या हातात दिला. "तुमीच लिवा. माझं अक्षर आज बरं यायचं न्हाई."

मी लिहिलं, 'हवालदारांचं विरजण गेलं आहे. ज्यांनी नेलं असेल त्यांनी चमचाभर परत आणून द्यावं.' खाली त्यांनी स्वतःच्या हाताने एक शब्द घातला, 'विनंती'.

वॉर्डातल्या एका सिस्टरने फळ्याचा फोटो काढून मोबाईलवर पुढे पाठवला आणि तो कुठल्या कुठे गेला. दोन दिवसांत वाट्या यायला लागल्या. तासगावहून एक, जयसिंगपूरहून एक, आणि खुद्द कडेगावहून, हवालदारांच्या भावकीतली एक. हवालदार प्रत्येक वाटीतलं बोटावर घेत, जिभेवर ठेवत, डोळे मिटत.

"ह्ये पिशवीच्या दह्यात मिसळलंय."

"ह्ये फ्रिजमधी झोपलंय."

"ह्ये चांगलं हाय. आमचं न्हवं."

मी शेजारी उभी राहून मनात म्हणत होते, अहो, जिभेने जीवाणू ओळखता येत नाही. घराघरात, दुधादुधात तो बदलतो. इतक्या वर्षांत तुमच्या आईचं म्हणण्यासारखं त्यात काय उरलं असेल? पण हे बोलायचं माझं धाडस झालं नाही. सगळ्या वाट्यांत काही ना काही घालून, म्हणजे गूळ, शेंगदाणे, जे हाताशी असेल ते, त्या बायांना ते परत देत होते. दही घालता येत नव्हतं, त्याची टोचणी चेहऱ्यावर दिसत होती.

चौथ्या दिवशी दुपारी जतच्या एसटीने गंगव्वा आली. मुलाच्या मोबाईलवर तो फोटो पोचला होता. पदराखाली मातीचं बुटकं गाडगं, तोंडाला फडकं बांधलेलं.

"अण्णा, तुमचं फडकं," ती म्हणाली. "तेरावा झाल्यावर टाकलं दुधात. तवापास्नं एक दिस खाडा न्हाई. घरचीच म्हस हाय."

"फ्रिज?"

"कुठला फ्रिज, अण्णा!"

हवालदारांनी बोट बुडवलं. डोळे मिटले. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते. त्यांनी मान वर केली नाही, फक्त डोकं हलवून हो म्हटलं. रंगूबाईंनी पदर डोळ्यांना लावला. आणि सूक्ष्मजीवशास्त्राची मी प्राध्यापक, मला त्या क्षणी कुठल्याही पट्टीची गरज वाटली नाही.

"पोरं खात्यात का?" हवालदारांनी विचारलं.

"रोज. धाकटा तर पहिल्यांदा वाटीच मागतो. बापाचं दही म्हनतो. म्या सांगितलं न्हाई, त्यानंच नाव ठेवलं. त्याला वाटतं बापानं दवाखान्यातनं धाडलंय."

हवालदार उठले आणि गाडग्यातलं चमचाभर दही घ्यायला लागले, तर गंगव्वा म्हणाली, सगळं घ्या, मी घरी ठेवून आलेय. तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की गाडगं रिकामं होणार, आणि रिकामं भांडं तिच्या हातात द्यायचं म्हणजे त्यांच्या जिवावर येणार. गूळ-शेंगदाणे ह्या बाईला चालणार नव्हते. म्हणजे तिला नाही, त्यांना चालणार नव्हते.

"तू आज ऱ्हा," ते म्हणाले. "सकाळी दही लागंल. ते घेऊनच जा."

ती राहिली. रंगूबाईंनी भाकरी केल्या. संध्याकाळी मानसिंग तपासलेलं दूध घेऊन आला, आणि मी डोळ्यांनी पाहिलं, हवालदारांनी आधी अर्धा लिटर वेगळं काढलं. रंगूबाईंनी वाटी पुढे केली.

सकाळी मी आठालाच गेले. अर्ध्या लिटराचं दही लागलं होतं, गाडगं उपडं करून हवालदार सगळ्यांना दाखवत होते, हलत नव्हतं. त्यातलं पहिलं गंगव्वाच्या गाडग्यात भरलं, दुसरं रंगूबाईंच्या वाटीत, तिसरं मला एका डब्यात दिलं, "तुमच्या काचांवर ठेवा, आन् ह्या वेळी वाफ देऊ नका." उरलेलं त्या दिवशीच्या दुधाला. आता दर आठवड्याला तिघींकडे वाटी जाते, तिघींना ताकीद आहे, संपवायचं नाही. फ्रिजही आला दुकानात. त्याविषयी विचारलं तर ते ऐकू न आल्यासारखं करतात.

फळा त्यांनी परत पुसला. 'डॉक्टरांना विचारून या. बाकीचं आम्ही बघतो,' तेच पुन्हा लिहिलं. मिशाही पूर्वीसारख्या पिळतात. फक्त एक गोष्ट बदलली. परवा एका नवख्या गिऱ्हाइकाने दह्याची तारीफ केली आणि विचारलं, काय घालता ह्यात? मी मनातल्या मनात त्यांचं जुनं वाक्य म्हणून टाकलं, कारण ते मला पाठ आहे.

हवालदार म्हणाले, "जतच्या गंगव्वाचं विरजन हाय."